समुद्राचीही पीकपाहणी हवी

कोणत्याही उत्पादक व्यवसायाची प्रगती त्याच्या हिशेबावर अवलंबून असते. शेतकऱ्याने यंदा किती क्षेत्र पेरले, कोणते पीक घेतले, ते जिराईत की बागाईत, याची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे ही नोंद शेतकऱ्याने स्वतःच आपल्या भ्रमणध्वनीवरून करावयाची सोय झाली आहे. ही नोंद नसली तर पीकविमा, नुकसानभरपाई किंवा हमी भावाने खरेदी यांपैकी कोणत्याच बाबतीत शेतकऱ्याचे म्हणणे सहजासहजी टिकत नाही, हा अनुभव आता खेडोपाडी सर्वांच्या परिचयाचा झाला आहे.

आपल्या राज्यात एक विस्तीर्ण शेत मात्र असे आहे, की ज्याची अशी पीकपाहणी अद्याप व्हावयाची आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांच्या किनाऱ्याला लागून पसरलेला समुद्र हे ते शेत होय. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, कर्ज व विमा या बाबतींत शेतकऱ्यास मिळणाऱ्या सवलती मच्छीमारासही मिळाव्यात, हा त्यामागील हेतू आहे आणि तो सर्वथा स्वागतार्ह आहे. परंतु ज्या व्यवसायास शेतीच्या सवलती लाभल्या, त्याने शेतीची शिस्तही स्वीकारली पाहिजे. आणि त्या शिस्तीची पहिली पायरी म्हणजे खरा व उघडा हिशेब होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

समुद्रातील बियाणे

शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्याच्या कणगीस शक्यतो हात लावीत नाही. कारण पुढच्या मृगाची आशा त्या कणगीत साठविलेली असते. समुद्रात मात्र बियाण्याची कणगी वेगळी काढून ठेवता येत नाही. तेथे धान्य व बियाणे एकाच पाण्यात फिरत असतात. कोणते घ्यावे व कोणते सोडावे, हे केवळ जाळ्याच्या आसावर, मासेमारीच्या हंगामावर व तांडेलाच्या विवेकावर ठरते.

पापलेटचेच उदाहरण घ्यावे. सप्टेंबर २०२३ मध्ये या माशास राज्यमाशाचा मान देण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरवून दिले. पापलेटची ही मर्यादा १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान मासा पकडू नये व विकू नये, असा या नियमाचा आशय आहे. केरळ राज्याने असा नियम २०१५ मध्येच केला होता. या आकड्यांमागील तत्त्व अगदी साधे आहे. माशाला निदान एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळाली पाहिजे. तत्पूर्वीच तो जाळ्यात आला, तर त्याच्याबरोबर त्याची पुढील पिढीही संपते.

यात व्यवहाराचीही हानी आहे. पूर्ण वाढलेले पापलेट नगावर विकले जाते व घरात चार पैसे आणते. तेच पिलू असताना पकडले, तर टोपलीच्या भावाने जाते. लहान मासळीचा मोठा भाग तर माणसाच्या ताटात न येता भुकटीच्या कारखान्यात जातो आणि तेथून कोंबड्यांच्या व कोळंबीच्या खाद्यात मिसळला जातो. म्हणजे घाटावर कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्याचाही या प्रश्नाशी संबंध पोहोचतो. आपण विकत घेतलेल्या खाद्यातील मासळी कोणत्या समुद्रातून व कशा रीतीने आली, हे विचारण्याचा अधिकार त्यालाही आहे.

जाळ्याच्या आसाबाबत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असला, तर जाळे ओढताच तो ताणला जाऊन मिटतो आणि लहान मासा बाहेर पडू शकत नाही. आस चौकोनी असला, तर ताण पडूनही तो उघडा राहतो व पिलू निसटून जाते. म्हणूनच मत्स्यशास्त्रज्ञ ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची शिफारस करतात. अशा पिशवीने पकड आज थोडी घटते हे खरे. परंतु सुटलेले पिलू वाढून पुन्हा जाळ्यातच यावयाचे असते.

कायदे झाले, पुरावा नाही

आपल्याकडे कायद्यांची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ साली संमत झाला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या राज्याच्या जलधी क्षेत्रात कोणी, कोठे व कोणत्या जाळ्याने मासेमारी करावी, हे ठरविण्याचा अधिकार त्याने शासनास दिला. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीची बंदी पाळली जाते. फेब्रुवारी २०१६ मधील आदेशाने पर्ससीन जाळ्यांच्या परवान्यांस व हंगामास मर्यादा घातली. पर्ससीन जाळे मासळीच्या संपूर्ण थव्यास वेढा घालते व खालचा दोर आवळून तो थवाच्या थवा उचलते. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने एल.ई.डी. व तत्सम कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस मनाई केली. २०२१ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा पुष्कळ वाढविल्या आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांस दिले. जानेवारी २०२५ पासून ड्रोन विमानांच्या साहाय्याने टेहळणीही सुरू झाली आहे.

इतके असूनही तक्रारी थांबत नाहीत. सिंधुदुर्गातील रापणकर म्हणतात की, थवे किनाऱ्यास लागण्यापूर्वीच बाहेर उचलले जातात. सातपाटीसारख्या पापलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या बंदरावरील मच्छीमार पिलांच्या नाशाबद्दल वर्षानुवर्षे आवाज उठवीत आले आहेत. याचे कारण उघड आहे. शेतातील चोरीचा माग नांगरटीत दिसतो, बांधावर दिसतो. समुद्रावर मात्र चाकोरी उमटत नाही. रात्री प्रखर दिव्यांवर थवा गोळा करून उचलला आणि दिवे विझविले, की सकाळी पाणी पूर्ववत असते. गस्तीच्या नौका मोजक्या व समुद्र अफाट. म्हणून गुन्हा समुद्रावर पकडण्यापेक्षा तो बंदरावर ओळखणे अधिक सुलभ आहे. कोणत्या नौकेने, कोणत्या जाळ्याने, किती दिवसांच्या फेरीत, कोणती व किती मोठी मासळी आणली, ही नोंद उतरणीच्या धक्क्यावर झाली आणि ती सर्वांस पाहावयास मिळाली, तर कायद्याला जो पुरावा आज मिळत नाही तो रोजच्या रोज मिळू लागेल.

नोंदीचा उपयोग केवळ दंडासाठी आहे असे मात्र नव्हे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था निवडक केंद्रांवर, निवडक दिवशी, निवडक नौकांची पाहणी करून राज्याच्या मत्स्योत्पादनाचा अंदाज काढते. ही शास्त्रशुद्ध नमुना-पद्धती असून तिच्यामुळेच आपणास दीर्घकाळाचे आकडे उपलब्ध झाले आहेत. त्या अंदाजानुसार महाराष्ट्राचे सागरी उत्पादन २०१८ मध्ये सुमारे २ लाख ९५ हजार टन होते. २०१९ मध्ये ते सुमारे २ लाख १ हजार टनांवर आले व पंचेचाळीस वर्षांतील नीचांक ठरले. त्या वर्षी लागोपाठ वादळे झाली व मासेमारीचे बरेच दिवस बुडाले, हेही खरे. मग या घटीत वादळांचा वाटा किती आणि अतिरेकी मासेमारीचा किती? प्रत्येक नौकेच्या फेऱ्यांची व पकडीची नोंद हाती असती, तर या वादाचा निकाल लावणे पुष्कळच सोपे झाले असते. शिवाय समुद्रातच फेकून दिलेल्या मासळीचा हिशेब धक्क्यावरील पाहणीत येत नाही, तो तांडेलानेच दिला पाहिजे.

खोट्या हिशेबाची किंमत

हिशेब चुकला म्हणजे काय होते, याचा धडा कॅनडातील न्यूफाउंडलंड या बेटाने जगास दिला आहे. तेथील कॉड मासळी शतकानुशतके युरोपच्या बाजारपेठा भरीत आली होती. १९६८ मध्ये मोठ्या परदेशी ट्रॉलरांनी व स्थानिक नौकांनी मिळून उत्तरेकडील कॉडची पकड ८ लाख टनांवर नेली. त्यानंतर साठा घटला, तथापि कागदावर तो पुन्हा सुधारत असल्याचे दिसे. कारण साठ्याचा अंदाज बांधताना ट्रॉलरांच्या ताशी पकडीवर बराच भर दिला जात होता. नव्या यंत्रांच्या साहाय्याने ट्रॉलर उरलेसुरले थवे अचूक हुडकीत, त्यामुळे मासळी संपत आली तरी त्यांची ताशी पकड मोठीच राही. किनाऱ्याजवळ मासेमारी करणारे लहान मच्छीमार मात्र मासा कमी व लहान होत चालल्याचे कंठरवाने सांगत होते. त्यांचे म्हणणे वेळेवर मानले गेले नाही. अखेर २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार एका घोषणेने गेला. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून जाहीर झाली. प्रत्यक्षात व्यापारी मासेमारी पुन्हा मर्यादित प्रमाणात सुरू होण्यास २०२४ साल उजाडावे लागले.

याच्या उलट प्रकारचे उदाहरण चीनचे आहे. जगाची मासळी वाढतच आहे असे १९९० नंतरच्या दशकात वाटत होते. चीनमधील आकडे फुगवून सांगितले गेल्यामुळे ते चित्र उभे राहिले होते आणि वस्तुतः जगाची पकड घटत चालली होती, असे २००१ मध्ये दोन मत्स्यशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आकडे फुगविले काय किंवा लपविले काय, परिणाम एकच होतो. सर्वजण निर्धास्त राहतात आणि समुद्र रिकामा होतो.

परक्यास उत्तर, आपल्यास नाही

पकडीची नोंद ठेवणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी निर्यातीकडे पाहावे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून आपल्या बाजारात येणाऱ्या समुद्री मासळीबरोबर पकडीचा दाखला आवश्यक केला. ती मासळी कोणत्या नौकेने व कोठे पकडली, हे त्यात नमूद करावे लागते. भारतात हे काम सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणामार्फत चालते. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाने विचारले की उत्तर देता येते. मात्र त्याच बंदरावर टोपली घेऊन बसलेल्या कोळिणीस, सहकारी संस्थेच्या सभासदास किंवा ग्रामसभेस ते उत्तर मिळत नाही. ही स्थिती आमच्या मते योग्य नाही.

बेफिकिरीची किंमत बाजारातही मोजावी लागते. समुद्री कासवांना निसटण्याची वाट देणारे साधन ट्रॉल जाळ्यांत बसविलेले नसल्याने अमेरिकेने २०१९ मध्ये भारतातील समुद्रातून पकडलेल्या कोळंबीची आयात बंद केली. कासव वाचविण्याची जी तजवीज आपण आपणहून करावयास हवी होती, तिची आठवण परक्या देशाने करून द्यावी, ही गोष्ट भूषणावह नाही.

उघडा हिशेब ही आपलीच रीत

कोणी म्हणेल की, ही सारी परदेशी कल्पना आहे. तसे मुळीच नाही. गाबीत बांधवांची रापण ज्यांनी पाहिली असेल, त्यांस हे सांगावयास नको. रापणीची मासळी सर्वांदेखत वाळूवर उतरते आणि तिचे वाटे सर्वांसमोर पडतात. किती मासळी आली, लहान की मोठी, कोणास किती मिळाली, यात झाकण्यासारखे काही राहत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात न लोटण्याची प्रथाही कोणा अधिकाऱ्याने घालून दिलेली नाही. यंत्र आले, बर्फ आला, नौका चार-चार दिवस दूर राहू लागली आणि मासळी परस्पर व्यापाऱ्याकडे जाऊ लागली, तेव्हापासून हा उघडा हिशेब मोडला. तो नव्या साधनांनी पुन्हा जोडणे, एवढाच आमच्या म्हणण्याचा अर्थ आहे.

अशी नोंद लोक देतील काय, ही शंका रास्त आहे. येथे राज्याच्या कांदळवन कक्षाचा अनुभव मार्गदर्शक ठरेल. संरक्षित कासव, देवमासा यांसारखा प्राणी जाळ्यात अडकल्यास जाळे कापून त्यास सोडून देणाऱ्या मच्छीमारास डिसेंबर २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई दिली जाऊ लागली. पुरावा म्हणून छायाचित्रे द्यावी लागतात. पूर्वी असा प्राणी सापडल्याचे कळविण्यास मच्छीमार भीत असत. आता पुष्कळजण स्वतः होऊन कळवितात. खरे सांगणाऱ्यास शिक्षेची भीती न राहता त्याचे नुकसान भरून निघाले, तर माणूस खरे सांगतो, हा त्याचा अर्थ होय.

काही आक्षेप

आपली मासेमारीची जागा इतरांस कळेल, अशी भीती तांडेलास वाटते. ती गैर नाही. म्हणून जागेची नोंद ठिकाणवार न देता विभागवार प्रसिद्ध करावी. दुसरी भीती अशी की, नियमाचा बडगा लहान होडीवर आधी पडेल व मोठी नौका सुटेल. यास्तव नोंदीची सक्ती प्रथम यांत्रिक व मोठ्या नौकांवर करावी. या नौकांना डिझेलवरील विक्रीकराचा परतावा मिळतो. तो जनतेचा पैसा आहे. ज्यास जनतेचा पैसा मिळतो, त्याने जनतेच्या समुद्रातून काय काढले ते सांगावे, यात अन्याय कसला?

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. समुद्राची हानी केवळ मच्छीमार करतो काय? शहरांचे सांडपाणी, कारखान्यांचे दूषित पाणी, कांदळवनांची तोड व भराव यांचा हिशेब कोणी द्यावयाचा? हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे आणि तो हिशेबही तितकाच उघडा झाला पाहिजे. परंतु तो मागण्याचे बळ मच्छीमाराच्या हाती स्वतःच्या नोंदीनेच येईल. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल समुद्रात पसरले व मासळीची विक्री थंडावली. अशा प्रसंगी ज्याच्याजवळ मागील पाच वर्षांच्या पकडीची विश्वासार्ह वही आहे, तो आपले नुकसान आकड्याने सिद्ध करू शकतो. ज्याच्याजवळ ती नाही, त्यास दुसऱ्याच्या अंदाजावर समाधान मानावे लागते. नोंदवही ही मच्छीमाराची सात-बारा आहे, हे त्यास पटवून दिले पाहिजे.

गावपातळीवरील कार्य

या बाबतीत सर्व काही मुंबईहून किंवा दिल्लीहून होईल, अशी वाट पाहण्याचे कारण नाही. साधने बरीच उपलब्ध झाली आहेत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली किनारी गावांसाठी सागर मित्रांची तरतूद असून रोजच्या मासळीची व भावाची माहिती गोळा करणे हे त्यांचे एक काम आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे नौकांवर उपग्रहाशी जोडलेली संदेश यंत्रे बसविण्याच्या देशव्यापी योजनेचा आरंभ झाला. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी हाती घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे.

१. प्रत्येक मच्छीमार सहकारी संस्थेने नौकावार नोंदवही ठेवावी. तीत नौकेचा क्रमांक, जाळ्याचा प्रकार व आस, फेरीचे दिवस, मुख्य जातींचे वजन व लहान मासळीचे प्रमाण एवढेच रकाने असावेत. रकाने थोडे असले तरच वही रोज भरली जाते.

२. बंदरावर किमान आकारमानाचा फलक व मोजपट्टी कायम लावावी. मासळी निवडणाऱ्या व विकणाऱ्या स्त्रिया या आकारातील बदल सर्वांत आधी ओळखतात. नोंदीच्या कामात त्यांस मानाचे स्थान द्यावे.

३. दर महिन्याची एकूण पकड व तीतील लहान मासळीचे प्रमाण संस्थेच्या फळ्यावर लिहावे आणि वर्षाचा गोषवारा ग्रामसभेत वाचून दाखवावा.

४. चौकोनी आसाची पिशवी प्रथम एक-दोन इच्छुक नौकांवर लावून हंगामाअखेर शेजारच्या नौकेशी तिच्या उत्पन्नाची तुलना सर्वांसमोर करावी. शेतकऱ्यास जसे शेजारच्या शिवारातील पीक-प्रात्यक्षिक पटते, तसेच तांडेलास धक्क्यावरील मासळी पटते.

५. मासळीचे खत किंवा कोंबड्यांचे खाद्य खरेदी करणाऱ्या शेतकऱ्यांनी व त्यांच्या संघांनी मालाच्या उगमाची चौकशी करावी. गिऱ्हाईक विचारू लागले म्हणजे विक्रेता नोंद ठेवू लागतो.

शासनाकडूनही एक अपेक्षा व्यक्त करणे आवश्यक आहे. लोकांनी हिशेब द्यावा असे म्हणणाऱ्याने स्वतःचाही हिशेब उघडा केला पाहिजे. कोणत्या बंदरावर किती नौकांस परवाने आहेत, किती नौका बेकायदा मासेमारी करताना पकडल्या, किती दंड झाला व प्रत्यक्ष किती वसूल झाला, ही माहिती दरवर्षी मराठीत, बंदरवार, त्या त्या गावच्या फळ्यावर लागली पाहिजे. तसे झाले नाही, तर लहान मच्छीमाराचा विश्वास बसणार नाही आणि विश्वासावाचून मिळालेली नोंद ही केवळ कागद भरण्यापुरतीच राहील.

समुद्र कोणा एकाच्या नावावर नाही. त्यास बांध नाही, कुंपण नाही, राखणदार नाही. ज्या मालमत्तेचे सर्वच मालक असतात, तिचा हिशेब कोणीच न ठेवण्याची प्रवृत्ती मनुष्यस्वभावात आहे आणि म्हणूनच तेथे हिशेबाची गरज सर्वांत अधिक असते. कोळी, मांगेला, भंडारी, दालदी, गाबीत अशा हजारो कुटुंबांची चूल या समुद्रावर पेटते. त्यांच्या मुलांनी पापलेट हा राज्यमासा केवळ चित्रातच पाहावा अशी वेळ येऊ द्यावयाची नसेल, तर येत्या नारळी पौर्णिमेस नौका लोटताना नारळाबरोबर एक कोरी नोंदवहीही तांडेलाच्या हाती द्यावी आणि ती प्रामाणिकपणे भरली जाईल, अशी व्यवस्था गावाने करावी.